घे तिथून

साळवे बाई कुणाच्याही हातात काही देत नसत. खडू असो, सुई असो, कात्री असो की तपासलेला पेपर असो, त्या ती वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर पलीकडच्या बाकावर ठेवत आणि मान न वळवता म्हणत, "घे तिथून." नवीन मुलीला वाटे, बाई रागावल्या. जुन्या मुली तिला खुणेनं सांगत, असंच असतं, ऊठ आणि घे. एकदा संस्थेचे साहेब तपासणीला आले. त्यांनी टाचणी मागितली, तर बाईंनी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि सवयीनं म्हणाल्या, "घ्या तिथून." हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र मुकाट्यानं उठले आणि टाचणी घेऊन आले.

बाई तिसगावच्या आमच्या हायस्कूलात शिवण शिकवायच्या. ठेंगण्या, काटक, अंगावर सुती पातळ आणि गळ्यात कायम मोजपट्टी. यजमान नगरला नोकरीला होते. त्यामुळे त्या शनिवारी दुपारच्या एस.टी.नं नगरला जात आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत येत. त्या बौद्ध समाजातल्या. तेव्हाच्या तिसगावात भाड्यानं खोली मिळवायला त्यांना बरेच उंबरे झिजवावे लागले होते, असं पुढं कानावर आलं. त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही.

मी त्यांच्या वर्गात गेलो तो शिवण शिकायला नव्हे. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. आमची वस्ती गावापासून लांब. प्राथमिक शाळेत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खांद्यावर बसवून नेलं आणि हायस्कूलात सायकलच्या कॅरियरवर. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मुलं उचलून नेत. सगळे फार मायेनं करत, कुणी कधी कुरकुरलं नाही. पण मी कुठं जात नसे, मला पोचवलं जाई. कवायतीच्या तासाला तर माझ्यासाठी खास काम ठरलं होतं. मुलं मैदानात पळत, आणि मी लिंबाखाली बसून त्यांच्या चपला आणि सदरे राखत असे.

एके दिवशी बाई शिवणाच्या खोलीतून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय करतोस रे?"

"चपला राखतो, बाई."

"कुणापासून?"

मी चपलांच्या रांगेकडं पाहिलं.

"आजवर किती चोरीला गेल्या?"

"एकबी न्हाई."

"मग झाल्या की राखून. चल, माझी मशीन कुरकुरतेय, तेल घालायचंय."

मी जागचा हललो नाही. कुणीतरी येईल, उचलून आत नेईल, अशी वाट बघत बसलो. आजवर तसंच होत आलं होतं. बाईंनी जरा वेळ पाहिलं, मग आत गेल्या आणि तेलाची छोटी डबी आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. "घे तिथून," म्हणाल्या आणि पुन्हा आत जाऊन मशीनवर बसल्या.

लिंबापासून तो उंबरा काही लांब नव्हता. भिंतीला धरत, पाय ओढत, मधेच हातावर टेकत मी गेलो. डबीपाशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि खोलीतल्या मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाई म्हणाल्या, "हसू नका गं. तो स्वतः चालत आलाय, तुमच्यासारखा घरच्यांनी आणून सोडलेला नाही." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. पण ऐकायला बरं वाटलं.

त्यानंतर कवायतीच्या तासाला मी शिवणाच्या खोलीत जाऊ लागलो. उचलायला धावणाऱ्या मुलांना बाई दारातूनच हटकायच्या, "फार दया आली असेल तर माझ्या मशीनला तेल घाला. त्याला हात लावू नका." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दया दाखवणारा कोणी भेटला की त्या त्याला काहीतरी काम सांगत. शिपायाला पाणी भरायला लावत, चित्रकलेच्या सरांना फळा पुसायला लावत. त्यामुळे माझ्यावर दया करणाऱ्यांची गर्दी लवकरच ओसरली.

मग त्यांनी माझी कुबडी करून घेतली. सुतार म्हणाला, "कुबडीचं माप ठरलेलं असतंय, बाई. एक केली की कुनालाबी चालती." बाईंनी गळ्यातली पट्टी काढली आणि सदऱ्याचं माप घ्यावं तसं माझं माप घेतलं. काखेपासून टाचेपर्यंत, मनगटापासून जमिनीपर्यंत. वर सुताराला म्हणाल्या, "दादा, कुणालाही चालणारा सदरा तुम्ही घालता का?" सुतार हसला. कुबडी मात्र अशी झाली की काखेत कधी रुतली नाही. तिच्या टोकाला बाईंनी सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा बसवून घेतला.

त्या वर्गात चंद्रकला नावाची मुलगी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नसे आणि बोलणंही मोजकंच, तेही आम्हालाच समजणारं. हात मात्र असा की तिनं घातलेला टाका शोधावा लागे. घरचे म्हणत, हिचं शिक्षण बास, हिला बाहेरच्या जगाशी काय करायचंय. बाई बाजाराच्या दिवशी तिला कापडवाल्याच्या पालात घेऊन जायच्या आणि स्वतः लांब चहाच्या टपरीवर बसायच्या. चंद्रकला बोटांनी भाव करी. कापड उजेडासमोर धरून त्यातली विरळ जागा दुकानदाराला दाखवी. दुकानदार ओरडून ओरडून थके, तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नसे. शेवटी तोच कमी करी. बाई टपरीवर हसत बसायच्या. "हिच्याशी घासाघीस करायची म्हणजे भिंतीशी भांडण," म्हणायच्या. पुढं चंद्रकलेनं गावातच शिवणाचं दुकान टाकलं आणि आमच्या भागातल्या लग्नाच्या चोळ्या वर्षानुवर्षं तिच्याकडेच जात राहिल्या.

तिनंच मला एकदा खुणांनी एक गोष्ट सांगितली. मी त्या खोलीत यायच्या आधी बाई सगळ्यांना सगळं हातातच द्यायच्या. मी आलो आणि त्यांनी वस्तू लांब ठेवायला सुरुवात केली. माझ्या एकट्यासाठी ठेवल्या असत्या तर ते माझ्या लक्षात आलं असतं, म्हणून साऱ्या वर्गाला, हेडमास्तरांना, साहेबांना, सगळ्यांनाच त्यांनी उठायला लावलं होतं. हे कळलं त्या दिवशी मी सुईत दोरा ओवत होतो. बराच वेळ तो ओवला गेला नाही.

अकरावीचं वर्ष आलं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. दुष्काळाचे दिवस, नदी कोरडी पडलेली. परीक्षेच्या आधीच माझं पुढचं सगळं घरात ठरून गेलं होतं. मामाचं शनिशिंगणापूरला देवळाच्या वाटेवर दुकान होतं. तेल, रुईच्या माळा, काळं कापड, असलं सामान तिथं मिळे. मामा घरी आला आणि आबांना म्हणाला, "दाजी, पोराची काळजी मिटली म्हना. माज्या गादीवर बसवतो. आवं, शनिमहाराज सोता लंगडं. असला पोरगा दुकानात बसला तर लोकं दुसरीकडं कशाला जातील? ह्येच्या हातचं तेल घ्याया रांग लागंल रांग."

मामा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की यात माझंही भलं आणि त्याचंही.  मला मात्र पुढं शिकायचं होतं, नगरच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि त्या गादीवर एकदा बसलो की उठायचं कारणच उरणार नव्हतं.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मामाला तुझं काय पाहिजे? हिशेब? अक्षर? बोलणं?"

"न्हाई. पाय."

"मग पाय ठेवून घे म्हणावं आणि बाकीचा तू नगरला जा."

मी हसलो आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हसत नव्हत्या. "परीक्षा होऊ दे," म्हणाल्या. "मी येते तुझ्या घरी."

परीक्षा संपली आणि एका दुपारी बाई आमच्या वस्तीवर आल्या. आईनं ओट्यावर घोंगडी अंथरली. आबा समोर खांबाला टेकून बसले. आईनं चहा केला, कपबशी घेऊन बाहेर आली आणि ती बाईंपासून चांगली हातभर लांब, ओट्याच्या कडेला ठेवली. मग अगदी मनापासून म्हणाली, "घ्या बाई तिथून. तुमची रीत आमाला म्हाईत हाय."

बाईंनी कपाकडं पाहिलं. "कसली रीत?"

"आवं, तुमी कुनाच्या हातात काय देत न्हाई की. मागं मी ताकाचं भांडं आनलं हुतं साळंत, तवाबी रिकामं भांडं पायरीवर ठिवलं तुमी. आमाला इटाळ व्हऊ नये म्हून. आजकाल कोन येवढं पाळतंय? मी तर साऱ्या वस्तीला सांगितलंय, बाई लई रीतीच्या हायेत."

माझी आई कुणाचा अपमान करणारी बाई नव्हती. ती कौतुकच करत होती, आणि ते सगळ्यात वाईट होतं.  बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्या उठून जातील असं मला वाटलं. मग त्यांनी गळ्यातली मोजपट्टी सारखी केली आणि हळू बोलल्या.

"भानूच्या आई, मी पोरगी होते तेव्हा आमच्या गावचा वाणी मीठ असंच लांब ठेवायचा, फळीवर. मी टाचा उंच करून घ्यायचे. मला लांब ठेवायचं म्हणून ते मीठ लांब असायचं. ती रीत आम्ही टाकली. तिच्यापायी धर्म बदलला. तुमच्या भानूला मी वस्तू लांब ठेवते, ती त्यानं तिथवर यावं म्हणून. रीत नाही ती. शिकवणी आहे."

आई उभीच राहिली.  मग म्हणाली, "आगं बया... मला येडीला काय ठावं. चहा निवला आसंल, बाई. दुसरा टाकते."

"निवलेलाच द्या," बाई म्हणाल्या. "पण हातात द्या."

आईनं कपबशी उचलली. घाईत बशीत चहा सांडला. तिनं ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी तो गार चहा शेवटच्या घोटापर्यंत, सावकाश, खास मेजवानी असल्यासारखा घेतला. आई मग चुलीपाशी गेली नाही, तिथंच बाईंच्या शेजारी घोंगडीवर बसली. रात्री भाकरी थापताना ती आपल्याशीच म्हणाली, "सुईनं बोटं पार खडबडीत झाल्यात तिची. माज्यावानीच."

रिकामा कप खाली ठेवून बाई आबांकडं वळल्या. "आता ह्याचं बोलू. भानूला नगरला पाठवा."

आबांनी मान खाली घातली. मग बोलले ते अगदी हळू. "बाई, मी हाय तवर खांद्यावर घीन. मला काय जड न्हाई त्यो. पर माज्यामागं कोन? नगरात ह्याला कोन उचलील?"

"तेच तर. कुणी उचलायची गरज पडू नये म्हणून पाठवा."

"बोलाया सोपं हाय." आबांनी मान वर केली. "बरं, एक करा. निकाल लागला की बाजाराच्या दिशी ह्येनं एकट्यानं नगरची गाडी धरावी. कालेजात जाऊन नाव घालावं, सांजच्या गाडीनं माघारी यावं. वाटंत कुनी उचललं न्हाई तर शिकाया जाऊ द्या. उचललं, तर मामाचं दुकान."

बाजाराच्या दिवशीची गाडी म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. गाडी दिसली की सगळा स्टँड धावतो, कोंबड्या, बोचकी, पोरं, भाजीच्या पाट्यांसकट. आणि जागा धरायची ती खिडकीतून रुमाल टाकून. ज्याचा रुमाल ज्या सीटवर पडला, ती सीट त्याची. हा अलिखित कायदा कंडक्टरसुद्धा मानतो.

"चालेल," बाई म्हणाल्या. मला न विचारता.

त्या सुट्टीत बाई नगरला गेल्याच नाहीत. रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही कोरड्या नदीत जायचो, मी, बाई आणि चंद्रकला. तिथल्या वाळूत बाईंनी मला आधी चालायला नाही, पडायला शिकवलं. कुबडी कुठल्या बाजूला सोडायची, हात कसा दुमडायचा, तोंड कसं वाचवायचं. मग उठायचं कसं, गुडघा कुठं टेकायचा, कुबडी कशी उभी धरायची. मी पडलो की त्या म्हणत, "पडलास ना? झालं. आता पुढचं." दिवसाला एवढ्या वेळा पडलो की पडायची भीती कंटाळून निघून गेली.

शाळेच्या पडवीत त्यांनी बाकावर बाक रचून एस.टी.ची पायरी केली आणि खिडकीचा गज म्हणजे गाडीचा दांडा. गावातल्या शिवणाच्या मुलींना बोलावून घेतलं. त्या बाजारकरणी झाल्या. कापडाची गाठोडी घेऊन मला कोपरांनी ढकलत, ओरडत.

"ए बाबा, सरक की! माजी कोंबडी चेंगरती!"

"म्हातारीला आदी चढू दे, मुडद्या!"

"कुबडी काढ, माज्या लुगड्यात आडकली!"

चंद्रकला सगळ्यांत जोरात ढकली. बाई "पुरे, पुरे" म्हणत, पण तिला ते ऐकू येत नसे, किंवा ती तसं दाखवी. मी चढलो की तीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवी.

एक अडचण राहिली. मला गाडीमागं पळता येत नव्हतं, त्यामुळे रुमाल लांबूनच फेकावा लागणार होता, आणि रुमाल हवेत फडफडून खाली पडे. बाई विचार करत बसल्या. दुसऱ्या दिवशी चंद्रकलेनं मला एक जाड खादीचा रुमाल दाखवला. त्याच्या एका कोपऱ्यात तिनं नदीतला गुळगुळीत खडा ठेवून त्यावर दुहेरी शिवण मारली होती. फेकला की तो दगडासारखा सरळ जाई. बाईंनी तो माझ्यापासून लांब बाकावर ठेवला. "घे तिथून."

निकाल लागला, मी पास झालो. बाजाराचा दिवस उजाडला. बाई स्टँडवर आल्या नाहीत. शाळा सुरू झाली होती आणि त्यांचा तास होता, म्हणाल्या. आबा सायकलवरून मला सोडून परत गेले, किंवा गेल्यासारखं केलं.

गाडी आली. धूळ, आरडाओरडा. मी जागेवरूनच नेम धरून रुमाल फेकला. तो खिडकीतून आत गेला आणि सीटवर टणकन आपटला, तो आवाज मला बाहेर ऐकू आला. मग मी दाराकडं निघालो. मुलींच्या कोपरांची मला सवय होती. पण जे झालं त्याची तयारी आम्ही केलीच नव्हती. कुणी ढकललंच नाही. कुबडी दिसली आणि गर्दीतून आवाज आला, "आरं, पांगळा हाय बिचारा! उचला रं त्याला!" लाल पागोट्याच्या एका धिप्पाड माणसानं मागून माझ्या काखेत हात घातले.

माझे पाय जमिनीवरून सुटायला लागले. त्या एका क्षणात मला मामाची गादी दिसली, तेलाची बुधली दिसली. आणि तोंडातून बाईंचं वाक्य बाहेर पडलं, थोडं बदलून, पण त्यांच्याच आवाजात.

"काका, दया आली आसंल तर माजी पिशवी धरा! मला हात लावू नका!"

पागोटेवाले काका इतके दचकले की त्यांनी मला सोडलं आणि खरंच पिशवी धरली. लोक हसले. मी दांडा पकडला, चांगला पाय पायरीवर टाकला, कुबडी वर ओढली आणि चढलो. काका मागून पिशवी घेऊन आले, एखाद्या साहेबाच्या शिपायासारखे.

माझ्या सीटवर एक गृहस्थ बसलेले. मी म्हणालो, "रुमाल माझा हाय."

"कशावरनं तुजा? रुमाल काय, समद्यांचे सारखेच."

"कोपऱ्यात खडा हाय. बघा चाचपून."

त्यांनी चाचपलं. खडा लागला. कंडक्टरनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आवं, उठा की. ह्यो गडी तयारीनं आलाय." गृहस्थ उठले. मी बसलो. नगरपर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी फक्त बसलो होतो, स्वतः मिळवलेल्या जागेवर.

कॉलेजच्या पायऱ्या उंच होत्या. चढलो. नाव घातलं. टांगेवाल्यानं उचलायला हात पुढं केला, त्याला माझी कुबडी धरायला लावली. संध्याकाळच्या गाडीनं परत तिसगावला आलो.

उतरताना मात्र शेवटच्या पायरीवर कुबडी घसरली आणि मी भर स्टँडवर, बाजार उठून घरी निघालेल्या सगळ्या लोकांसमोर, पालथा पडलो. चार-पाच माणसं धावली. कुणीतरी माझा दंड धरणार, एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"थांबा! हात लावू नका त्याला. उठतोय त्यो. त्याला येतंय."

रसवंतीच्या मागून आबा पुढं आले होते. दिवसभर ते स्टँडवरच होते, हे मला तेव्हा कळलं. लोक थांबले. मी हात दुमडला, गुडघा टेकला, कुबडी उभी धरली आणि उठलो. धोतराच्या सोग्यानं आबांनी डोळे पुसले आणि जवळ येऊन विचारलं, "नाव घातलं?"

"घातलं."

"मग चल घरी." आणि ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालू लागले. त्या दिवशी मी कॅरियरवर बसलो नाही.

पुढं मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. शिक्षक झालो. पेढे घेऊन बाईंकडं गेलो तेव्हा त्यांनी पुडी बाकावर ठेवायला लावली आणि स्वतः उठून घेतली. पण हे सगळं नंतरचं. ते आधीच सांगून टाकलं, कारण मला थांबायचं आहे ते तिसगावच्या स्टँडवरच.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा संस्थेनं बाईंची बदली अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला केली. डोंगरातली नवी शाळा, लांबचा प्रवास. निघायचा दिवस नेमका बाजाराचा. मी नगरहून मुद्दाम आलो. चंद्रकला आली होती, आई आली होती, आबा आले होते. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं बाईंच्या हातात दिलं आणि वर दोन्ही हातांनी त्यांची बोटं मिटवली.

गाडी आली. सगळा स्टँड धावला. बाई सामान घेऊन गर्दीच्या मागं अडकल्या. मी माझ्या जागेवरून खडा शिवलेला रुमाल काढला, नेम धरला आणि फेकला. खिडकीजवळची सीट. मग गर्दीत शिरलो, चढलो आणि बाई येईपर्यंत ती जागा धरून उभा राहिलो. आत एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, तू बस की." मी म्हणालो, "न्हाई आजी, जागा आमच्या बाईंची हाय."

बाई आल्या, बसल्या.  घंटी झाली, मी उतरलो आणि त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. रुमाल त्यांच्या हातात होता. मी हात वर केला. त्यांना नुसतं सोडायचं होतं, तो माझ्या तळहातावर पडला असता.

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. हसल्या. आणि हात खिडकीबाहेर काढून तो रुमाल माझ्या डोक्यावरून लांब, स्टँडच्या टोकाला असलेल्या लिंबाच्या पाराजवळ भिरकावला.

"घे तिथून!"

सगळा स्टँड हसला. पारापाशी उभे असलेले आबा सवयीनं तो उचलायला वाकले आणि मधेच थांबले. ताठ झाले, हात पाठीमागं बांधले. मी वळलो आणि कुबडी टेकत पाराकडं निघालो. मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण मी थांबलो नाही. पारापाशी पोचलो, वाकलो, रुमाल उचलला. कोपऱ्यातला खडा जागेवर होता.

वळून पाहिलं तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती. बाई जाताना त्यांचा चेहरा कसा होता ते मला ठाऊक नाही. त्यांना तो मला दाखवायचा नव्हता, आणि मला रडत उभं ठेवायचं नव्हतं. गाडी निघाली तेव्हा मी माझ्या पायांनी चालत होतो.